वजनकाट्यावरचा व्यवहार

युरोपात, विशेषतः जर्मनीत, जुन्या ट्रकांचा एक वेगळाच बाजार आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी अग्निशमन दलासाठी, लष्करासाठी किंवा आपत्तीनिवारणासाठी बनलेले, चारही चाकांना जोर मिळणारे ट्रक सरकारी सेवेतून निवृत्त होतात. कुणीतरी त्यांच्या पाठीवर राहण्याजोगा खोका चढवतो आणि मग हेच ट्रक मोरोक्कोच्या वाळूत, मंगोलियाच्या माळावर नाहीतर पामीरच्या घाटात दिसू लागतात. हौसेने हे चालवणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि विकत घेणाऱ्यांची त्याहून मोठी. विकत घेणारा माणूस मात्र बहुतेक वेळा तीनच गोष्टी बघतो: गाडी किती किलोमीटर चालली, आत स्वयंपाकघर-पलंग-न्हाणीघर कसे आहे, आणि इंजिन लगेच सुरू होते का. या तिन्हींवरून गाडीबद्दल फारच थोडे कळते. असा ट्रक घेताना आपण खरे तर एक शिल्लक विकत घेत असतो. वजन पेलण्याची शिल्लक, लोखंडाच्या जाडीची शिल्लक, सुटे भाग मिळत राहण्याची शिल्लक. आधीच्या मालकाने या शिल्लकीतले किती खर्च केले आणि आपल्यासाठी किती उरले, हा खरेदीतला मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर सुरू होते ते वजनकाट्यावर.

ही शिल्लक आली कुठून, हे आधी पाहू. मर्सिडीज-बेंझने 1959 साली आखूड नाकाच्या ट्रकांची मालिका आणली. तिच्यातल्या चारचाकी जोराच्या 911 आणि तिच्या भावंडांना मोहिमेच्या दुनियेत आजही मान आहे. पुढे त्यांत बसलेले ओएम 352 हे सहा सिलिंडरचे इंजिन 5,675 घनसेंटीमीटरचे आणि ताकद साधारण 130 अश्वशक्तीची. आजची दोन लिटरची व्हॅन याहून जास्त ताकद देते, हे ऐकून नवखा नाक मुरडतो. पण गंमत इथेच आहे. एवढ्या मोठ्या आकारमानातून एवढी थोडी ताकद काढायची म्हणजे प्रत्येक सिलिंडरवर, प्रत्येक बेअरिंगवर ताण कमी. मर्सिडीजच्याच उनिमॉग 1300 एलमध्ये हेच इंजिन आहे. मागिरुस-डॉइट्झच्या ट्रकांत हवेने थंड होणारी इंजिने असत. त्यांत रेडिएटर नाही, पाणी नाही, त्यामुळे गोठण्याची किंवा उकळण्याची भीती नाही. सत्तरच्या दशकात सोव्हिएत संघाने सैबेरियातल्या बैकाल-आमूर रेल्वेच्या बांधकामासाठी असे ट्रक हजारोंनी मागवले, ते उगीच नाही. आणि 1976 पासून पश्चिम जर्मन लष्करात आलेला एमएएनचा कॅट वन तर रणगाड्यांच्या मागोमाग शेतातून धावण्यासाठीच घडवला होता. हे सगळे ट्रक खरेदी करणाऱ्या सरकारी खात्यांना किमतीची फारशी पर्वा नव्हती. संकटाच्या रात्री गाडी अडता कामा नये, एवढीच अट होती. त्यामुळे लागेल त्याहून जाड पत्रा, लागेल त्याहून मोठा एक्सल. चाळीस वर्षांनंतर गिऱ्हाईक पैसे मोजते ते या जास्तीच्या लोखंडासाठी.

आता ही शिल्लक कशी उडते ते उदाहरण घेऊन मोजू. समजा, कागदावर 7.49 टन एकूण वजनाची परवानगी असलेला ट्रक आहे. केबिन, इंजिन, चासी, चारही चाके मिळून 4,300 किलो धरू. त्यावर खोका बसवायला लागणारी लोखंडी मधली चौकट 350 किलो. फायबरग्लास आणि फोमच्या पॅनेलांचा, दारे-खिडक्यांसकट खोका 1,100 किलो. आतले फर्निचर, टाक्या, शेगडी, फ्रीज, बॅटऱ्या, हीटर मिळून 700. बेरीज झाली 6,450, आणि गाडी अजून रिकामी आहे. चारशे लिटर डिझेलचे 340 किलो, तीनशे लिटर पाण्याचे 300, दीडशे किलोच्या आसपास भरणारे मोठे स्टेपनी चाक आणि त्याची उचलणी धरून 200, दोन माणसे 160. मग हत्यारे, सुटे भाग, वाळूत रुतल्यावर चाकाखाली घालायच्या पट्ट्या, कपडे, भांडी, शिधा यांचे 400 किलो धरले तर ती कंजुषीच म्हणावी लागेल. एकूण 7,850. म्हणजे प्रवास सुरू होण्याआधीच गाडी साडेतीन क्विंटलांहून जास्त वजनाने बेकायदा. यातला एकही आकडा अवाच्या सवा नाही. उलट सागवानी दिसणारी कपाटे, संगमरवरी ओटा, छतावरची मोटारसायकल वगैरे प्रकार यात धरलेलेच नाहीत. विक्रीच्या जाहिरातीत ज्याचे कौतुक असते, ते प्रत्येक सुख कुठल्या ना कुठल्या किलोग्रॅमातून आलेले असते.

म्हणून पहिला हट्ट असा असावा की गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर न्यायची, टाक्या भरलेल्या असताना न्यायची, आणि पुढचा एक्सल व मागचा एक्सल वेगवेगळा तोलायचा. एकूण वजन हद्दीत असूनही मागचा एक्सल त्याच्या हद्दीबाहेर गेलेला असणे ही नेहमीची गोष्ट. खोक्याच्या मागे टांगलेले स्टेपनी चाक मागच्या एक्सलच्याही पलीकडे लोंबत असते. त्यामुळे ते स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार मागे टाकते आणि पुढचा भार तेवढा उचलते. विकणारा वजनकाट्याला टाळाटाळ करत असेल, तर त्याचे उत्तर तिथेच मिळाले असे समजायला हरकत नाही.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील आणि तो बिनतोड वाटतो. ते म्हणतील, बरेच ट्रक मुळात दहा-बारा टनांचे असतात. फक्त परवान्याच्या सोयीसाठी मालकाने कागदावर ते 7.49 टनांवर उतरवून घेतलेले असतात, मग वजन थोडे वाढले तर यंत्राला काय फरक पडतो? जर्मनीत 1998 अखेरपर्यंत मिळालेल्या जुन्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. त्यानंतरच्यांना 3.5 टनांवर सी वन वर्गाचा परवाना लागतो आणि साडेसात टनांच्या वर पूर्ण सी वर्गाचा, जो वैद्यकीय तपासणीसह दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. महामार्गावरही साडेसात टनांपर्यंतच्या निवासी गाडीला ताशी 100 किलोमीटरची मुभा आहे, त्यावर 80ची. त्यामुळे कागद खाली उतरवण्याचा मोह स्वाभाविक आहे. आक्षेपातले तथ्य मान्य केलेच पाहिजे. बारा टनांचा एक्सल आठ टनांनी मोडत नाही. पण म्हणूनच दोन हद्दी वेगळ्या ओळखायला हव्यात, एक यंत्राची आणि एक कायद्याची. यंत्राची हद्द उंच आणि कायद्याची खाली असेल तर इलाज आहे: मोठा परवाना काढायचा आणि कागद परत वर चढवायचे. पैसे आणि काही महिने जातात, गाडी तीच राहते. उलट मुळातच साडेसात टनांसाठी बनलेला ट्रक, उदाहरणार्थ 1300 एलच्या वर्गातला उनिमॉग, आठ टनांवर गेला असेल तर कुठलाही परवाना त्याचे एक्सल जाड करू शकत नाही. मग उरतो फक्त आतले सामान उपसून बाहेर काढण्याचा मार्ग. ज्याला एकट्यादुकट्याने साधेपणाने फिरायचे आहे त्याला तो उनिमॉग उत्तमच. पूर्ण घर सोबत हवे असणाऱ्याने मोठ्या ट्रककडे बघावे आणि परवान्याची परीक्षा द्यावी. कामानिमित्त श्टुटगार्ट-म्युनिकला स्थायिक झालेल्या मराठी माणसालाही हे लागू आहे. मोटारीच्या परवान्यावर हा छंद भागत नाही.

वजनानंतरची गोष्ट बाहेरून दिसत नाही आणि तिच्यावरच सर्वांत जास्त पैसे बुडतात. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. ही शिडी मुद्दाम पिळता येईल अशी बनवलेली असते. जड ट्रकचे पाटे कडक असतात. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर गेले तर पाटे पुरेसे वाकत नाहीत, म्हणून उरलेला पीळ चासी स्वतः घेते आणि चारही चाके जमिनीला टेकलेली राहतात. मातीची किंवा खडीची वाहतूक करणाऱ्या ट्रकला हे चालते, कारण त्याची पाठही थोडी वाकते. पण राहण्याचा खोका वाकत नाही. पॅनेल एकमेकांना चिकटवून बनलेली ती कडक पेटी असते. ती सरळ चासीवर बोल्टांनी आवळली तर दोहोंपैकी एकाला हार मानावी लागते. एकतर खोक्याचे कोपरे आणि खिडक्यांच्या कडा तडकतात आणि पाणी आत शिरते, किंवा चासी जिथे पिळू शकत नाही त्याच्या शेजारच्या जागी, बहुधा केबिनच्या मागे, सगळा पीळ गोळा होऊन तिथे भेग पडते. पहिल्या प्रकारात दोन वर्षांत घर सडते. दुसऱ्यात गाडीच बाद होते.

यावरचा उपाय म्हणजे खोका आणि चासी यांच्यामध्ये स्वतंत्र चौकट घालून ती तीन किंवा चार ठिकाणीच धरायची, आणि त्या ठिकाणी सांधे फिरते ठेवायचे. तीन पायांचे स्टूल कितीही उंचसखल जमिनीवर डगमगत नाही, त्याच तत्त्वाने तीन बिंदूंवर टेकलेला खोका चासीचा पीळ स्वतःच्या अंगाला लागू देत नाही. दुसरी पद्धत स्प्रिंगांची. चौकट मागच्या बाजूला घट्ट बांधायची आणि पुढच्या बाजूला जाड स्प्रिंगांवर धरायची, म्हणजे पीळ आला की तिथे ती थोडी उचलली जाते आणि परत बसते. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण कुठली कुठल्या चासीला योग्य हे ठरलेले आहे. उनिमॉगची चासी मोठ्या प्रमाणात पिळण्यासाठीच आखलेली असल्याने तिच्यावर फिरत्या सांध्यांना पर्याय नाही. कॅट वनची गोष्ट उलटी. तिची चासी बंद पेटीसारख्या आडछेदाची, न पिळणारी, आणि चाकांची हालचाल लांब गुंडाळी स्प्रिंगांकडे सोपवलेली. तिच्यावर खोका सरळ बसवला तरी बिघडत नाही. चेक बनावटीच्या टाट्राने तर 1920च्या दशकापासून शिडीऐवजी मधोमध एक जाड नळीच कणा म्हणून घेतली आणि अर्धे एक्सल तिला जोडले. म्हणजे गाडीच्या नावावरून फारसे कळत नाही, खाली झोपून बघावे लागते. टॉर्च घेऊन सांधा नक्की कुठे आहे, त्याला ग्रीस मिळते का, घासल्याच्या चकचकीत खुणा कुठे आहेत, केबिनच्या मागच्या चासीवर रंगाखाली रेघ दिसते का, हे तपासण्यात घालवलेला एक तास आतल्या फर्निचरवर घालवलेल्या पाच तासांहून मोलाचा. शक्य असेल तर एक चाक उंच दगडावर किंवा उतारावर चढवून गाडी तिरपी उभी करावी. खोका आणि केबिन यांच्यातली फट कशी बदलते ते नुसत्या डोळ्यांना दिसते. फट जराही बदलली नाही तर आनंद मानू नये. चासी मोकळी नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

आता किलोमीटरचा भ्रम. अग्निशमन दलाचा तीस वर्षांचा ट्रक जेमतेम वीस-पंचवीस हजार किलोमीटर चाललेला असतो आणि जाहिरातीत हा आकडा ठळक छापतात. ही गाडी गरम हॉलमध्ये झाकून ठेवलेली, दर महिन्याला तपासलेली, हे खरेच. गंज कमी असण्याची शक्यताही चांगली. पण थंड इंजिन सुरू करून लगेच पूर्ण जोर देणे हेच तिचे काम होते. आणि पाण्याचा टँकर असेल तर तो ट्रक आयुष्यभर पूर्ण भरलेल्या अवस्थेत उभा राहिला आहे, म्हणजे पाट्यांवर तीस वर्षे अखंड भार. याहून महत्त्वाचे म्हणजे रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षे कळतात. ऑइल सील, ब्रेकच्या हवेच्या नळ्या, ब्रेकच्या डब्यांतले पडदे, इंजिनाचे आणि केबिनचे बुश हे सगळे उभ्या गाडीतही कडक होऊन तडकते. न चाललेल्या गाडीत ते जास्त वेगाने होते, कारण तेल फिरून सील ओले होत नाही. लष्करी गाड्यांचे तसेच. जर्मन सरकारी सामानाचा लिलाव फ्रँकफर्टची फेबेग ही कंपनी करते. तिथे गाडी आहे तशी घ्यायची असते, हमी नाही. किंमत बघून भुललेल्यांनी लक्षात ठेवावे की तिथून घेतलेल्या गाडीचे सगळे रबर आणि सगळी तेले बदलणे हा खरेदीचाच भाग आहे, नंतरचा खर्च नव्हे.

टायरांचा हिशोब तर फारच सोपा. टायरच्या अंगावर छापलेल्या संकेतातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर 2000 सालापूर्वीचा, म्हणजे नक्षी कितीही खोल असली तरी भंगार. मोहिमेच्या ट्रकचे चार मोठे टायर आणि एक स्टेपनी नवे घेणे म्हणजे एखाद्या जुन्या मोटारीची किंमत. ती सौद्यातून वजा झालीच पाहिजे.

गंजाबद्दल एवढेच सांगतो की वरून दिसणारा गंज सहसा घातक नसतो. घातक गंज दोन पत्र्यांच्या मधला. लोखंड गंजले की त्याचे आकारमान कितीतरी पटींनी वाढते. चासीच्या पट्टीला आतून दुसरी पट्टी लावून जिथे ती दुप्पट जाड केलेली असते, किंवा मधली चौकट जिथे चासीवर टेकते, तिथे पाणी शिरून गंज फुगला की तो जाड पोलाद फाकवतो. बोल्टांच्या मधल्या भागात पट्टी बाहेर आलेली, लाटेसारखी दिसली तर ती गाडी सोडून द्यावी. केबिनचा तळ, दारांच्या खालच्या कडा, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच आणि बॅटरीचा कप्पा या जागा कुणीही सांगेल. त्या दुरुस्त होतात, पैसे लागतात एवढेच. ताज्या काळ्या रंगाने चोपडलेला तळ मात्र संशयास्पद. विकायच्या आदल्या महिन्यात कुणी हौसेने गाडीचे पोट रंगवत नाही.

सुट्या भागांची शिल्लक हा या व्यवहाराचा तिसरा पाय, आणि इथे प्रचलित समज अर्धाच बरोबर आहे. जुन्या मर्सिडीजचे भाग जगभर मिळतात, असे सगळे म्हणतात. इंजिनापुरते ते खरे आहे. ही मालिका इराण, ब्राझील, अर्जेंटिना इथे तयार होत होती. ब्राझीलचा 1113 तर तिथला सर्वांत ओळखीचा ट्रक. आपल्याकडची गोष्टही याच घराण्यातली. टेल्कोने 1954 साली डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पुढे टाटांच्या ट्रकांत वर्षानुवर्षे धावलेल्या 697 इंजिनाचा सिलिंडर व्यास 97 मिलिमीटर, पिस्टनची चाल 128 मिलिमीटर, आकारमान 5,675 घनसेंटीमीटर, म्हणजे ओएम 352चेच माप. त्यामुळे पुणे-बंगळूर महामार्गावरचा कुठलाही जुना मिस्त्री या इंजिनाचा आवाज ऐकून ओळख पटवील. वीस इंची रिमचे तसेच. 10.00-20 हा टायर आपल्या ट्रकांचा रोजचा टायर, त्यामुळे त्या मापाचा ट्रक भारतात टायरवाचून अडणार नाही. पण आता दुसरी बाजू. जगभर लाखोंनी धावले ते मागच्या चाकांवर चालणारे ट्रक. चारचाकी जोराच्या गाडीतला पुढचा एक्सल, त्याचे सांधे आणि जोर पुढे-मागे वाटणारा ट्रान्स्फर गिअरबॉक्स हे त्या लाखो ट्रकांत नव्हतेच. इराणच्या बाजारात पिस्टन मिळेल, पुढच्या एक्सलचा सांधा मिळणार नाही. तो जर्मनीतून विमानानेच येईल. म्हणून भाग मिळण्याची चौकशी इंजिनाने नव्हे, पुढच्या एक्सलने सुरू करावी. आणि 395/85 आर 20 सारखे भले मोठे टायर चढवलेले असतील तर गाडी दिसते रुबाबदार, पण ते माप उझबेकिस्तानात किंवा महाराष्ट्रात दुकानात मिळत नाही. रुबाबाचा हा खर्च सुट्या भागांच्या शिल्लकीतून झालेला असतो. यामुळेच दुर्मिळ ब्रिटिश किंवा स्वीडिश लष्करी गाड्या, त्या कितीही कल्पकतेने बनलेल्या असोत, युरोपातच फिरायचे असेल तर घ्याव्यात.

एक मोठा आक्षेप उरतो: हा सगळा उपद्व्याप कशाला? नवी चारचाकी जोराची व्हॅन घ्या, ताशी 120ने आरामात जा, दहा लिटरमध्ये शंभर किलोमीटर जा. जुना ट्रक त्याच अंतरासाठी वीस लिटर पितो, म्हणजे लिटरला पाचच किलोमीटर. मूळ एक्सलमध्ये ऐंशीच्या वर जात नाही, आणि केबिनमध्ये बोलायचे तर ओरडावे लागते. ब्रेकला एबीएस नाही, एअरबॅग नाही. हा आक्षेप बहुतेक लोकांसाठी पूर्णपणे बरोबर आहे आणि तो हसण्यावारी नेणारे लेखन अप्रामाणिक असते. वर्षातून तीन आठवडे नॉर्वे किंवा स्पेनला जाणाऱ्याने व्हॅनच घ्यावी. पण दूरच्या देशांत महिनोन्‌महिने राहायचे असेल तेव्हा तराजू फिरतो, आणि त्याचे कारण जुने ते सोने असली भावुकता नाही. नव्या डिझेल इंजिनांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला गंधक जवळपास नसलेले डिझेल लागते. युरोपात आणि एप्रिल 2020 पासून भारतात ते दहा लाखांत दहा भाग या प्रमाणात मिळते. आफ्रिका आणि मध्य आशियाच्या अनेक भागांत गंधकाचे प्रमाण त्याच्या कितीतरी पट आहे, युरियाचे द्रावण मिळेलच असे नाही, आणि यंत्रणा रुसली की गाडी स्वतःहून आपली ताकद कमी करते. यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनाला डिझेल कसले आहे याची चौकशी नसते. तरीही वीज नसलेले इंजिन म्हणजे बिनबिघाडाचे इंजिन, असा निष्कर्ष काढू नये. त्यात बिघाड होतात आणि बरेच होतात. फरक एवढाच की ते दिसतात, हाताला लागतात आणि गावातला लोहारही निदान कामचलाऊ इलाज करू शकतो.

नव्या आणि जुन्या यांच्या या वादात युरोपातल्या हवेच्या नियमांचाही मुद्दा येतो. जर्मन शहरांच्या स्वच्छ हवेच्या पट्ट्यात जुनी डिझेल गाडी शिरू शकत नाही. पण पहिल्या नोंदणीला 30 वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूप राखलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची एच अक्षराची पाटी मिळते. तिला या पट्ट्यात मुभा आहे आणि करही वर्षाला ठरावीक, 192 युरोच्या आसपास. मोठ्या ट्रकच्या मालकाला ही सवलत लक्षात येण्याजोगी वाटते. मात्र रूपांतर त्या काळाला शोभणारे असावे लागते. चकचकीत पांढरा आधुनिक खोका, छतभर सौर पॅनेल, नव्या ट्रकची चाके अशी गाडी तपासनिसापुढे नेली तर पाटी मिळेलच याचा भरवसा नाही. जाहिरातीत ‘एच पाटी मिळू शकते’ असे लिहिले असेल, तर ती अजून मिळालेली का नाही, हे विचारावे.

मग तयार गाडी घ्यावी की रिकामा ट्रक घेऊन स्वतः बांधावी? इथे बहुतेकांचा कल स्वतः बांधण्याकडे असतो, आणि हिशोब बघता तो सहसा तोट्याचा. तयार गाडीत दुसऱ्याने घातलेले श्रम विक्रीच्या वेळी क्वचितच पूर्ण वसूल होतात, म्हणजे घेणाऱ्याला ते स्वस्तात मिळतात. शिवाय तयार गाडीचे वजन मोजता येते, कल्पनेतल्या गाडीचे नाही. स्वतः बांधणाऱ्याचा अंदाज नेहमी कमीच येतो, कारण स्क्रू, गोंद, वायरी आणि नळ्या कुणी धरत नाही. पण तयार गाडी घेताना खरेदी दोन वस्तूंची असते: खाली ट्रक आणि वर घर. घर चांगले आणि ट्रक वाईट असेल तर सौदा टाळावा, कारण त्या खोक्यासाठी दुसरा ट्रक शोधणे म्हणजे नवी मधली चौकट, नवे कागद, नवी तपासणी. ट्रक चांगला आणि घर जुनाट असेल तर मात्र आनंदाने घ्यावा. 1985च्या तपकिरी फॉर्मायकाची कपाटे उपसायला एक शनिवार-रविवार पुरतो, आणि त्या कपाटांमुळेच किंमत खाली आलेली असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा सगळा मजकूर वाचून असा ट्रक इथे आणावासा वाटला, तर कायदा आड येतो. भारतात वापरलेले वाहन आयात करायचे तर ते तीन वर्षांहून जुने नसावे, स्टिअरिंग उजवीकडे असावे, आणि ते मुंबई बंदरातूनच यावे. यातल्या पहिल्या अटीवरच युरोपातला प्रत्येक जुना ट्रक बाद होतो. हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर जे जर्मन-फ्रेंच पाट्यांचे ट्रक दिसतात, ते कार्ने नावाच्या सीमाशुल्क हमीवर तात्पुरते आलेले असतात. मुदत संपली की ते परत न्यावे लागतात, इथे विकता येत नाहीत. भारतीय गाडी घेऊन बाहेर पडणाऱ्याला तीच हमी उलट दिशेने लागते, आणि मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ती देते. आपल्याकडच्या लष्करी लिलावातल्या ट्रकांचा विचार काही जण करतात. जबलपूरच्या कारखान्यात एमएएनच्या परवान्याने बनलेला शक्तिमान हा तर याच जर्मन घराण्याचा चुलतभाऊ. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीचे मूळ स्वरूप परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ते ठामपणे सांगितले आहे. त्यामुळे इथे चासी आणि वजनाच्याही आधी आरटीओचा कागद तपासावा लागतो. त्यावर वाहनाचा प्रकार ‘मोटार कॅराव्हॅन’ असा नसेल, तर वर बांधलेले घर दर फिटनेसला नव्याने वादाचा विषय होणार, हे धरूनच किंमत बोलावी.